हळदीला पंधरा दिवस, मेंदूला एक जाहिरात



मंडईत बोलायचं म्हटलं की आम्हांला जरा धास्तीच वाटते. वर्गातल्या विद्यार्थ्याला व्याख्यान आवडलं नाही तर तो झोपतो. मंडईतल्या श्रोत्याला आवडलं नाही तर तो तोंडावर सांगतो. (हशा) 'मंडई विद्यापीठ' हा शब्द पुण्यात उगीच रूढ झालेला नाही. १८८६ साली ही अष्टकोनी इमारत उभी राहिली तेव्हा गव्हर्नरसाहेबांच्या नावानं ती 'रे मार्केट' होती. तिच्यावरच्या खर्चाला ज्यांनी विरोध केला, त्या जोतीराव फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. म्हणजे या जागी प्रश्न विचारणाऱ्याला उशिरा का होईना, मान मिळतो. त्या भरवशावर आजचा विषय घेतो आहोत.

विषय असा, की मालिकांमधल्या हॉस्पिटलात जे ब्रेन हॅमरेज होतं, ते कितपत खरं असतं? आम्हांला एकानं आधीच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा न्यूरोसर्जनचा विषय नाही का?" आहे. आणि वैद्यकाचा भाग आम्ही आमच्या ओळखीच्या एका न्यूरोसर्जनसमोर बसून, त्यांना कंटाळा येईपर्यंत विचारून घेतला आहे. पण 'कितपत खरं' हा प्रश्न मात्र आमच्या खात्यातला आहे. कलेत कुठली चूक क्षम्य आणि कुठली अक्षम्य, हे सीटी स्कॅनवर दिसत नाही.

तुम्ही शंभरदा पाहिलेला प्रसंग सांगतो, मालिकेचं नाव तुमचं तुम्ही घाला. नायिका जिन्यावरून पडते. पडते म्हणजे ढकलली जाते. (हशा) ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा लागतो. डॉक्टर बाहेर येतात, मास्क खाली करतात, आणि म्हणतात, "मेंदूत रक्तस्राव झालाय. पुढचे चोवीस तास फार महत्त्वाचे आहेत." नायक देवळात जातो, घंटा वाजते, इकडे नायिकेचं बोट हलतं. मग जाहिरात. जाहिरातीनंतर ती डोळे उघडते आणि विचारते, "मी कुठे आहे?" किंवा टीआरपी घसरला असेल तर, "तुम्ही कोण?"

यात चुका किती? मोजायला बसलं तर वहीचं पान भरेल. कवटीचं ऑपरेशन झालंय आणि केस खांद्यावर मोकळे. पांढऱ्या पट्टीवर बरोब्बर मधोमध लाल ठिपका, गंध लावल्यासारखा. घशात नळी असताना पेशंट बोलतो. आयसीयूत सोळा नातेवाईक चपला घालून उभे. मॉनिटरवरची रेघ सरळ झालेली आणि डॉक्टर छातीला शॉक देतायत, खरं तर सरळ रेघेला शॉकचा उपयोग नसतो. लघवीची पिशवी नाही, डायपर नाही, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बिलाचं काउंटर नाही. हॉस्पिटलात सर्वांत जास्त वेळ आपण जिथे उभे असतो ती जागा मालिकेच्या हॉस्पिटलात बांधलेलीच नसते. (हशा)

या चुकांवर हसायला सोपं आहे. डॉक्टरमंडळी हसतातच. पण आम्ही या चुकांना माफ करायला तयार आहोत, आणि आमच्या बाजूला एक भारदस्त साक्षीदार आहे. अॅरिस्टॉटल. तो स्वतः वैद्याचा मुलगा. काव्यशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात तो चुकांचे दोन वर्ग करतो. एक चूक कलेच्या गाभ्यातली. दुसरी आनुषंगिक, म्हणजे कवीला दुसऱ्या एखाद्या शास्त्राची माहिती कमी पडली म्हणून झालेली. उदाहरण देताना तो घोड्याचे दोन्ही उजवे पाय एकदम पुढे टाकलेले दाखवण्याची चूक सांगतो, आणि त्याच ओघात वैद्यकातल्या चुकीचाही उल्लेख करतो. हरिणीला शिंगं नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणं हा लहान दोष, हरिणी हरिणीसारखी न वाटणं हा मोठा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हॉस्पिटल-मालिकांचा निकाल लागून गेलाय म्हणा ना. लाल ठिपका, मोकळे केस, चपला, ही सगळी हरिणीची शिंगं आहेत. सोडून देऊ.

मग गाभ्यातली चूक कोणती? आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की मालिकेला मेंदूतल्या रक्तस्रावाचा वेळ कळलेला नाही. उपकरणं, औषधं, मराठीत उच्चारलेली इंग्रजी नावं, हे सगळं एखादा सल्लागार डॉक्टर नेमून दुपारभरात दुरुस्त होईल. वेळेची चूक तशी दुरुस्त होत नाही, कारण ती कथानकाच्या हाडात बसलेली आहे.

जरा शरीराकडे बघू. मोठ्या माणसाची कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, तिघं दाटीवाटीनं राहतात. चौथा पाहुणा आला, म्हणजे नळीबाहेर रक्त साठलं, की पेटी फुगत नाही, आतल्या कुणाला तरी जागा सोडावी लागते. आधी पाणी सरकतं, मग रक्त, शेवटी मेंदू स्वतःच ढकलला जातो. बाहुली एका बाजूला मोठी दिसायला लागते, कारण डोळ्याकडे जाणारी नस दाबली गेलेली असते. हे सगळं किती वेळात होईल, ते रक्तस्राव कुठे झालाय यावर ठरतं. मालिकेत 'ब्रेन हॅमरेज' हा एकच रोग आहे. प्रत्यक्षात निदान चार आहेत, आणि चारांची पंचांगं वेगळी.

पहिला, कवटी आणि मेंदूचं बाहेरचं जाड आवरण यांच्या मधला. बहुतेकदा कानशिलाजवळचं हाड मोडतं आणि त्याखालची रोहिणी फाटते. याचं पंचांग तासांचं. माणूस पडतो, क्षणभर भान जातं, उठून बसतो, "काही नाही झालं" म्हणतो, चहा घेतो. आणि काही तासांनी कोसळतो. मधल्या या शहाण्या काळाला वैद्यकात वेगळं नावच आहे. २००९च्या मार्चमध्ये नताशा रिचर्डसन ही इंग्रज नटी कॅनडात बर्फावर साधीशी पडली, आपल्याला काही झालेलं नाही म्हणाली, आणि दोन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये गेली. हाच रक्तस्राव. वेळेत ऑपरेशन झालं तर यातून बहुतेक माणसं वाचतात. आता लेखकाच्या नजरेनं बघा. ज्याला सगळे ठीक समजतायत, जो स्वतः हसतोय, आणि आत घड्याळ चालू आहे! अशी पटकथा निसर्गानंच लिहून ठेवलीय, आणि आमच्या मालिका ती वापरत नाहीत, कारण त्यांची नायिका पडल्या पडल्या बेशुद्ध व्हायलाच हवी.

दुसरा, मेंदूच्या आत. आपल्याकडे 'बीपी वाढून हॅमरेज झालं' म्हणतात तो. हा पहिल्या काही तासांत वाढू शकतो, म्हणून ते 'चोवीस तास महत्त्वाचे' हे वाक्य, मंडळी, खोटं नाही. मालिकेतलं ते सर्वांत खरं वाक्य आहे! खोटा आहे तो पंचविसावा तास. या रक्तस्रावात महिन्याभरात शंभरातले सुमारे चाळीस जण जातात. पुष्कळांचं ऑपरेशन करतच नाहीत, कारण खोलवरची गाठ काढायला जाताना चांगला मेंदू जखमी होतो. बीपी आटोक्यात ठेवणं, श्वास सांभाळणं, वाट पाहणं. जे वाचतात त्यांतल्या अनेकांचा एक हात, एक पाय, कधी वाचा, महिनोन् महिने मागे राहते.

तिसरा, मेंदूच्या आवरणांखालच्या पाण्यात. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटतो, आणि आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात दुखतं. याचं पंचांग दोन आठवड्यांचं. फुगा बंद केला तरी साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसू शकतात, आणि बरा होत चाललेला पेशंट पुन्हा खाली जातो. मालिकेत दहाव्या दिवशी सत्यनारायण झालेला असतो.

एका अमेरिकन मालिकेचं इथे कौतुक करायला हवं. 'ग्रेज अॅनाटॉमी' २००५पासून चालू आहे, आणि तिच्यातही अतिशयोक्ती पोत्यानं आहे. पण २०१५ साली तिनं आपल्या नायकाला, जो स्वतः न्यूरोसर्जन आहे, अपघातात मारलं ते कसं? त्याला लहान हॉस्पिटलात नेतात, पोटाकडे लक्ष जातं, डोक्याचा सीटी स्कॅन वेळेवर होत नाही, न्यूरोसर्जन उशिरा पोचतो. त्याचं आतलं मन आपल्याला ऐकू येतं. स्कॅन करा, स्कॅन करा. तो बोलू शकत नाही. खलनायक नाही, ढकलणारी सवत नाही. घड्याळ आणि एक न झालेली तपासणी. अॅरिस्टॉटलला हवी असलेली अपरिहार्यता त्या भागात आहे, आणि ती वैद्यकातून आलेली आहे. म्हणजे अचूकपणा नाट्याला मारतो ही समजूत खोटी.

आता चौथा. हा सांगताना आम्ही थोडे हळू होतो. तुम्ही सांभाळून घ्या.

आमचे थोरले बंधू, दादा, ब्याऐंशी वर्षांचे. हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू. एका संध्याकाळी वाड्याच्या बुटक्या दिंडी-दरवाजाला त्यांचं डोकं लागलं. रक्त नाही, चक्कर नाही, उलटी नाही. आम्ही हळद लावली आणि विसरलो. तुम्हांला सांगतो, आमच्या घरी रात्री साडेसातपासून मालिका चालू असते, आम्हीही पेपरच्या आडून बघतो. त्यामुळे डोक्यात रक्तस्राव झाला म्हणजे काय होतं हे आम्हांला 'माहीत' होतं. माणूस किंचाळतो, कोसळतो, बेशुद्ध होतो. दादा तर दुसऱ्या दिवशी फिरायला गेले.

पाच आठवड्यांनी ते शर्टाची बटणं खालीवर लावायला लागले. दुपारी झोप वाढली. एकदा आम्हांला आमच्या वडिलांच्या नावानं हाक मारली. आम्ही घरात सगळ्यांनी मिळून निदान केलं, की वय झालं. तत्त्वज्ञानाचे डॉक्टर आम्ही, निदान करायला कमी नाही.

मग एका सकाळी आम्ही दोघं इथे मंडईत भाजीला आलो. ज्या मावशींकडून पंचवीस वर्षं भाजी घेतो, त्यांनी दादांना पुढे जाऊ दिलं आणि आम्हांला थांबवलं. म्हणाल्या, "सर, दादांना डॉक्टरकडं न्या. परवा मला दोनदा पैसे दिले. आज डाव्या हातातली पिशवी दोनदा सुटली. अन् पाय बघा कसा ओढतायत." आम्ही म्हणालो, "मावशी, ब्याऐंशी वय आहे." त्या म्हणाल्या, "वय मागल्या महिन्यात पण ब्याऐंशीच होतं की."

मंडळी, तर्कशास्त्राच्या पेपरात आम्ही या उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले असते. कारण कायम असेल आणि परिणाम नवा असेल, तर ते कारण पुरेसं नाही. संध्याकाळी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला कोयत्यासारखी काळसर पट्टी, म्हणून डावा हात, डावा पाय. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्यावरून जाणाऱ्या बारीक नीला ताणल्या जातात, आणि लहानशा धक्क्यानं त्यांतली एखादी फाटून थेंब थेंब झिरपत राहते. आठवडे. कधी महिने. याचं पंचांग असं. दुसऱ्या दिवशी कवटीला दोन भोकं पाडून ते रक्त काढलं. जुन्या गाडीतून काढलेल्या ऑइलसारखा रंग असतो, असं डॉक्टर म्हणाले. नळी दोन दिवस ठेवली. आठवड्यात दादा घरी आले.

इथे मालिका संपली असती. इथे आमच्या घरात ती सुरू झाली. रात्री उठून ते दार शोधायचे. सही येईना. फिजिओथेरपिस्ट रोज येऊन एकच पाऊल उचलायला लावायची. हा रक्तस्राव काही जणांत परत साठतो, म्हणून पुन्हा स्कॅन, पुन्हा धाकधूक. तीन महिन्यांनी दादांची सही परत आली, पण ती त्यांची नव्हे, शाळेतल्या मुलाची वाटते. आम्ही ती पासबुकावर पाहतो तेव्हा ते पाच आठवडे आठवतात. ते आम्ही घालवले होते, आणि त्यातला काही वाटा त्या साडेसातच्या शिक्षणाचा होता.

म्हणून 'मनोरंजनच आहे, सोडा हो' हे आम्हांला आता म्हणता येत नाही. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, त्याचा. मालिकेतली सासू विष कालवते तेव्हा तिला कुणी आप्त मानत नाही. पण पांढरा कोट घातलेला माणूस गंभीर चेहऱ्यानं 'रक्तस्राव' म्हणतो तेव्हा प्रेक्षक नकळत ते वाक्य ज्ञानाच्या कप्प्यात ठेवतो. हे आमचं अनुमान नुसतं नाही. मेयो क्लिनिकच्या विजडिक्स यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७० ते २००४ मधले कोमा दाखवणारे तीस चित्रपट त्यांनी तपासले, आणि त्यांतले फक्त दोन बऱ्यापैकी खरे निघाले. बाकीच्यांत पेशंट कसा, तर परीकथेतल्या झोपलेल्या राजकन्येसारखा, नीटनेटका, डोळे मिटलेला. मग त्यांनी त्यातले प्रसंग ७२ सामान्य माणसांना दाखवले. त्यांतले २८ जण म्हणाले, की घरच्या माणसाबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली तर अशा दृश्यांचा आमच्यावर परिणाम होऊ शकेल. दहातले जवळजवळ चार.

आणि परिणाम कशाचा होणार? २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निबंध आला. दहा वर्षांतल्या नऊ अमेरिकन दैनंदिन मालिका घेऊन कोमात गेलेली ६४ पात्रं मोजली. त्यातली ५७ पूर्ण बरी झाली. पाच मेली. आणि शुद्धीवर आलेल्यांतल्या बहुतेकांना त्याच दिवशी काही उणं उरलेलं नव्हतं. डोक्याला मार लागून कोमात गेलेल्या पात्रांतली मेली फक्त सहा टक्के, प्रत्यक्षातल्या आकड्यांवरून अपेक्षा होती सदुसष्ट टक्क्यांची. असं हॉस्पिटल निघालं तर आम्ही आत्ता जाऊन पडू. (हशा)

हसलात, ठीक आहे. पण आमच्या एका मित्राची पत्नी बीपीच्या रक्तस्रावानं व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की मेंदूचं काम जवळपास थांबलं आहे. त्यांचा मुलगा, शिकलेला, इंजिनिअर, आयसीयूत दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं सोडायचे तेव्हा आईच्या चेहऱ्याकडे बघायचाच नाही. बोटांकडे बघायचा. एकोणीस दिवस. आणि एक दिवस बोट हललं. तो धावत बाहेर आला. डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं, की हे मज्जारज्जूतून येणारं प्रतिक्षिप्त हलणं आहे. मेंदू मृत झाल्यावरही ते दिसू शकतं. त्याला ते पटेना. का पटावं? लहानपणापासून त्यानं पाहिलं होतं, की बोट हलतं म्हणजे आई परत येते. त्या कॉरिडॉरमध्ये त्याला जे दुःख होणारच होतं, त्यात मालिकेनं एक फसवणूक मिसळली. आम्हांला राग आहे तो याचा.

आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू मानला आहे. त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ, ठरावीक तपासण्या, आणि त्या किमान सहा तासांच्या अंतरानं पुन्हा करायच्या. दोन तपासण्यांमधले ते सहा तास! नातेवाईक बाहेर बसलेले, माणूस उबदार, छाती हलतेय, आणि कुणी तरी हळूच येऊन अवयवदानाबद्दल विचारणार. कुठल्या नाटककारानं याहून अवघड अंक लिहिलाय? आमच्या मालिकांनी इतक्या जणांना कोमात पाठवलं, पण या सहा तासांपाशी थांबलेली मालिका आमच्या पाहण्यात नाही.

आता स्मृतीकडे येऊ, कारण रक्तस्रावानंतरचा दुसरा हमखास प्रकार तो. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० साली सुरू झाली. तिच्यातला मिहीर मेला, देशभर हलकल्लोळ झाला, आणि तो परत आला तो स्मृती गमावून. त्याआधी १९८३चा 'सदमा' होताच. या जातीच्या कथांत स्मृती ही गोदरेजच्या कपाटासारखी असते. किल्ली हरवली की सगळं बंद, किल्ली सापडली की घडी न मोडता सगळं आत. आणि किल्ली कोणती, तर डोक्यावर दुसरा मार. (हशा) प्रत्यक्षात मेंदूला मार लागल्यावर आपलं नाव, आपली भाषा, आपली आई सहसा शाबूत राहते. जातं ते बारीकसारीक. आत्ता काय बोललो, गॅस बंद केला का, लक्ष, धीर. कधी स्वभावच बदलतो. बायकोला नवरा ओळखतो, पण बायकोला वाटतं, हे ते नव्हेत. जॉन लॉकनं माणसाची ओळख स्मृतीवर उभी केली आणि तीनशे वर्षं आम्ही लोक त्यावर भांडतोय. हा प्रश्न त्या बायकोच्या स्वयंपाकघरात रोज उभा असतो, आणि मालिका मात्र 'तुम्ही कोण?' एवढं विचारून संगीत वाजवते.

असं दाखवताच येत नाही म्हणाल, तर पुण्याकडेच बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु'. संस्कृतचे एक प्राध्यापक, अल्झायमर झालेले. रक्तस्राव नाही, पण स्मृतीचाच प्रश्न. तिथे स्मृती दार आपटून जात नाही, वाळूसारखी जाते, आणि परत येत नाही. चित्रपट विचारतो, जे उरलं त्या माणसाशी नातं कसं ठेवायचं? डॉ. मोहन आगाशे त्यात प्राध्यापक झालेत, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. ज्या गावानं रंगभूमीला आणि पडद्याला इतके डॉक्टर दिले, त्या गावच्या प्रेक्षकानं लाल ठिपक्यावर समाधान मानू नये. विजया मेहतांनी तर १९९१ साली दूरदर्शनसाठी 'लाइफलाइन' नावाची हॉस्पिटलातली मालिका केली होती. म्हणजे वाट नवी नाही, आपण ती सोडून आलो.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी एवढं सांगितलं. चित्रपटाला आम्ही सवलत देऊ. अडीच तासांत त्याला सगळं आटपायचं असतं, चार महिन्यांची फिजिओथेरपी एका गाण्यात बसवावी लागते. पण दैनंदिन मालिका? हिच्याकडे वेळ किती आहे! आठवड्याला सहा दिवस, वर्षाला तीनशे भाग. एका हळदीला ती पंधरा दिवस घेते. मंगळसूत्र तुटलं की मणी जमिनीवर पडायला एक आठवडा लागतो, प्रत्येक नातेवाइकाचा चेहरा तीनदा दिसतो. मराठी माणसाच्या घरात जगातल्या सर्वांत संथ कलाप्रकाराचं वास्तव्य आहे. संथपणाबद्दल आपण तिला नावं ठेवतो. पण पांगळा हात उचलायला शिकण्याइतकं संथ या जगात काय आहे? सही परत येण्याइतकं? ज्या गोष्टीला खरोखर तीनशे भाग हवेत, ती मालिका एका जाहिरातीत उरकते, आणि जी दहा मिनिटांत संपावी ती तीनशे भाग चालवते. हरिणीची शिंगं आम्ही माफ केली. ही हरिणी हरिणीसारखी न वाटणं माफ करता येत नाही. आपल्या कलेपाशी असलेलं एकमेव धन, म्हणजे वेळ, ते नको तिथे उधळून हवं तिथे हात आखडणं, हा त्या कलेचा स्वतःचा दोष आहे. वैद्यकाचं अज्ञान हे निमित्त.

चिठ्ठ्या आल्यात. पहिली. "सर, खरं दाखवलं तर लोक बघतील का?" आम्हांला वाटतं, बघतील. या सभागृहात हात वर करा, कुणाच्या घरी पक्षाघाताचा किंवा डोक्याच्या ऑपरेशनचा पेशंट आहे किंवा होता? बघा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. हे सगळे साडेसातला टीव्हीसमोर बसतात, शेजारच्या खोलीत तो माणूस असतो, आणि पडद्यावर त्याच्यासारखं कुणी कधी येत नाही.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची. "आशा दाखवणं चूक का?" ताई, मुळीच नाही. दादा आज चालतात, ही आशाच आहे. पण ती आम्हांला रोज एक पाऊल अशी मिळाली. घंटा वाजल्यावर मिळणारी आशा मिळाली नाही की घरच्यांना वाटतं, आपलीच भक्ती कमी पडली किंवा डॉक्टरनं काही तरी लपवलं. दोन्ही आरोप निष्पाप माणसांवर होतात.

जाता जाता, हे व्याख्यान नेटवर ऐकणाऱ्यांसाठीही सांगतो. घरात म्हातारं माणूस असेल, त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आणि डोक्याला मार लागला असेल, मग तो कितीही किरकोळ वाटो, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. नंतरच्या आठवड्यांतही डोकेदुखी, वाढती झोप, गोंधळ, पाय ओढणं, हातातून वस्तू पडणं यातलं काही नवीन दिसलं तर 'वय झालं' म्हणू नका. आणि कुणाचंही डोकं आपटल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली, तर तो मघाशी हसत होता म्हणून थांबू नका.

दादा आजही आमच्याबरोबर मंडईत येतात. सुटे पैसे मोजायला त्यांना वेळ लागतो. मागची गिऱ्हाइकं चुळबुळ करतात. मावशी त्यांना म्हणतात, "थांबा की जरा, मोजतायत ते." आणि आम्ही सगळे थांबतो.